हंगामाची पहिली जोडी

सिॲटलजवळच्या रेडमंडमधली माझी नोकरी गेली त्याच वर्षी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. नवरा ऑफिसला आणि लेक शाळेत गेली की आम्ही दोघी पावसाकडे बघत बसायचो. आई काही बोलायची नाही, आणि तिचं ते न बोलणंच मला जड व्हायला लागलं. शेवटी मिळालं ते कॉन्ट्रॅक्ट घेतलं. डोंगरापलीकडच्या एका लहान गावात स्की बनवणारा घरगुती कारखाना होता. त्यांची गिऱ्हाइकांची जुनी कार्डं कॉम्प्युटरवर चढवायची होती. आठवड्यातून दोन दिवस, अडीच तासांचा ड्राइव्ह.

कारखाना म्हणजे मुळात गुरांचा गोठा. त्याला वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेड जोडत नेल्या होत्या. आत शिरलं की आधी राळेचा वास नाकात जायचा आणि मग लाकडाच्या भुशाचा. मालक दोघंच, सत्तरी ओलांडलेली बहीण आणि तिच्याहून चार वर्षांनी लहान भाऊ. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. ती वर ऑफिसात बसायची, तो खाली स्की दाबून चिकटवायच्या प्रेसवर चार कामगारांबरोबर उभा असायचा.

कारखान्याचा इतिहास बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितला. वडील नॉर्वेहून आलेले सुतार. फायबरग्लासच्या स्की नव्याने निघाल्या तेव्हा त्यांच्याकडे यंत्र घ्यायला पैसे नव्हते. गावच्या आगीच्या बंबाचा टाकून दिलेला पाइप त्यांनी आणला, दोन लोखंडी तुळयांमध्ये बसवला आणि त्यात हवा भरली. पाइप फुगला की त्याच्या दाबाखाली लाकूड आणि फायबरग्लास एकजीव व्हायचे. तोच प्रेस अजून चालू होता, फक्त पाइप बदलला होता. हवा भरताना तो सावकाश एक लांब श्वास घेतल्यासारखा आवाज करायचा. त्या आवाजाची मला शेवटपर्यंत सवय झाली नाही.

"स्की माणूस बघून करायची, असं बाबा म्हणायचे," बाई म्हणाल्या. "वजन वाढलं की स्की कडक लागते, उतरलं की नरम."

म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाचं कार्ड होतं. उंची, वजन, बुटाचं माप, कुठला गुडघा दुखतो, उतारावर घाई करतो की बेताने येतो. बाई वाचायच्या, मी टाइप करायचे. काही कार्डं तीन पिढ्यांची होती.

तिसऱ्या आठवड्यात बाईंना फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या आणि मी शेल्फवरचा एक वेगळा पत्र्याचा डबा उघडला. आत जवळजवळ पन्नास कार्डं होती, दर हंगामाचं एक. नाव कशावरच नव्हतं. वर फक्त लिहिलेलं, 'पहिली जोडी'. उंची सगळीकडे एकच, सहा फूट एक इंच. वजन मात्र बदलत गेलं होतं. सुरुवातीला एकशे अडुसष्ट पौंड, मग हळूहळू एकशे ऐंशी, मग त्याच्याही पुढे. बाजूला बाईंच्या अक्षरात शेरे होते. 'पाठ धरते.' 'डावा गुडघा, जरा नरम ठेवा.' 'आता सावकाश उतरतो.' एका माणसाचं सगळं आयुष्य त्या डब्यात उतरलं होतं. शेवटचं कार्ड गेल्या वर्षीचं होतं. एकशे अठ्ठ्याऐंशी पौंड.

बाई परत आल्यावर मी विचारलं, "हे कोण? नावाशिवाय सिस्टिम एंट्री घेत नाही."

"माझा मोठा भाऊ."

"मग त्यांना फोन करून बाकीची माहिती विचारू का?"

बाईंनी डबा माझ्या हातातून घेतला, झाकण लावलं आणि जागेवर ठेवून दिला. "ते राहू दे आत्ता," म्हणाल्या.

दुपारी खाली डबा खाताना मी धाकट्या भावाला विचारलं. तो लाकडाची पट्टी घासत होता. हात न थांबवता त्याने सांगितलं, "तो चोवीस वर्षांचा असताना गेला. नवी जोडी तपासायला वर डोंगरात गेला होता, बर्फाचा कडा सुटला. एक स्की सापडली. तो नाही सापडला. बर्फ वितळल्यावर सगळं गाव शोधत होतं, पुढच्या वर्षीसुद्धा. त्या हिवाळ्यात बाबांनी पहिली जोडी त्याच्या मापाची केली. आला तर हवी, म्हणाले. बाबा गेल्यावर हिने चालू ठेवलं."

"पण वजन?"

"ते ती सांगते. मी करतो."

मग तो मला माळ्यावर घेऊन गेला. भिंतीला टेकवून त्या सगळ्या जोड्या ओळीने उभ्या होत्या. मला वाटलं होतं, कोऱ्या करकरीत असतील. पण तळाशी ओरखडे होते, कडा झिजल्या होत्या. माझा चेहरा बघून तो हसला.

"मीच वापरतो. दर वर्षी एकदा घालून खाली येतो. नुसती ठेवलेली स्की वाकते." मग जरा थांबून म्हणाला, "मला त्या बसतात. दर वर्षी अगदी बरोबर बसतात. तिला हे कधी सांगितलं नाही."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. आई भाजी निवडत होती. "गेलेल्याचं वय थांबतं गं," ती म्हणाली. "हिने थांबू दिलं नाही. बरं नाही ते." झोपायच्या आधी मात्र ती देवापाशी जरा जास्त वेळ उभी राहिली.

नोव्हेंबरात हंगामाची पहिली जोडी करायचा दिवस आला. सकाळी दहाच्या सुमाराला बाई कार्ड घेऊन खाली उतरल्या. मी चहाचा कप घेऊन प्रेसपाशीच होते. भावाने कार्ड वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"हे चुकलंय. एकशे एकसष्ट?"

"बरोबर आहे."

"एका वर्षात सत्तावीस पौंड? इतक्या नरम स्कीवर कोण उभं राहणार?"

"तोच राहील," बाई म्हणाल्या. "उतरलाय तो. फार उतरलाय. आजारी आहे."

कामगारांनी माना खाली घातल्या. बाई वेड्यासारखं बोलत नव्हत्या, हेच मला जास्त भीतिदायक वाटलं. औषधांची वेळ सांगावी तशा त्या सांगत होत्या. मी विचारलं, "तुम्हाला आकडा कळतो कसा?"

"एका सकाळी उठते आणि माहीत असतो. तुझ्या लेकीला ताप येणार हे तुला आदल्या दिवशी नाही कळत?"

कळतं. मी मान वळवली, तर समोर भावाचा पट्टा दिसला. पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवीन भोकं होती. उरलेलं टोक लोंबत होतं. पॅंटला कमरेभोवती चुण्या पडल्या होत्या.

"तुमचं वजन किती आहे?" मी विचारलं.

"काय माहीत. कित्येक वर्षांत केलं नाही."

कोपऱ्यात पाठवायचे खोके तोलायचा काटा होता. मी त्या काट्याकडे बघितलं. भाऊ हसतच तिकडे गेला, बूट काढले आणि वर उभा राहिला. लाल आकडे थोडे पुढेमागे झाले आणि थांबले. एकशे एकसष्ट.

तेवढ्यात हवा भरणारा कॉम्प्रेसर आपोआप सुरू झाला आणि प्रेसने तो लांब श्वास घेतला. मी इतकी दचकले की कपातला चहा हातावर सांडला.

बाई लाकडाच्या चळतीवर बसल्या. कितीतरी वेळ भावाकडे बघत राहिल्या, अनोळखी माणसाकडे बघावं तशा. "रोज समोर बसून जेवतोस," त्या म्हणाल्या. "आणि मी इतकी वर्षं त्यालाच बघत होते." मग माझ्याकडे वळल्या. "गाडी काढ."

मी दोघांना पलीकडच्या गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. वाटेत तो दोनदा म्हणाला की मला काही झालेलं नाही, भूक जरा कमी आहे इतकंच. तपासण्या झाल्या. आतड्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, अजून काही महिने गेले असते तर हाताबाहेर गेलं असतं.

ऑपरेशन सिॲटलला झालं. हॉस्पिटलमधून सुटल्यावर सारखं दाखवायला जावं लागणार होतं, म्हणून दोन आठवडे दोघं आमच्याकडेच राहिली. आईने त्याला मुगाच्या खिचडीवर ठेवलं. तो मुकाट्याने खायचा. बाई आणि आई यांना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दुपारी दोघी खिडकीशी शेजारी शेजारी बसायच्या. एकदा आईने लेकीला हाताशी घेतलं आणि म्हणाली, "विचार त्यांना, तो स्वप्नात येतो का?"

लेकीने इंग्लिशमध्ये विचारलं. बाईंनी उत्तर दिलं. लेक आईकडे वळून म्हणाली, "शी सेज नो, आजी. फक्त नंबर."

आईने बाईंच्या हातावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

मार्चमध्ये तो प्रेसवर परतला. राहून गेलेली पहिली जोडी त्याने तेव्हा केली, एकशे एकसष्ट पौंडांच्या माणसासाठी. त्या कार्डावर बाईंनी पहिल्यांदा नाव लिहिलं, धाकट्याचं. माझं काम त्याच महिन्यात संपलं. डब्यातली जुनी कार्डं मी चढवली नाहीत. त्यांनी सांगितलंही नाही, मी विचारलंही नाही.

पुढच्या नोव्हेंबरात मी दुसऱ्या नोकरीत होते. एका सकाळी मीटिंगच्या आधी बाईंचा फोन आला. भाऊ कसा आहे विचारलं, तर म्हणाल्या, चांगला आहे, खातोय, कामगारांवर ओरडतोय.

"तीन सकाळी कोरं कार्ड घेऊन बसले," त्या म्हणाल्या. "आकडा आला नाही. शेवटी याला काट्यावर उभं केलं आणि लिहून घेतला."

"बरं झालं की मग," मी म्हटलं.

"हो," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुझ्या आईलाही कळवावं." आपल्याकडे कुणी गेल्याचं कळवतात ना, तसा त्यांचा आवाज होता.