आमच्या गावात कामाला जाणारी बाई नाही

बायको गेली आणि तिसऱ्याच दिवशी सून कामावर गेली. गावाला ते बरं दिसलं नाही. मलाही दिसलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. दारात उभा राहून मी तोंड वाकडं केलं होतं. पण ती गेली म्हणून चूल पेटती राहिली, हे कळायला मला वेळ लागला.

मुलगा टेंपोवर आहे, महिन्यातले निम्मे दिवस गुजरातकडे. सून खोपोलीच्या रस्त्याला एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली पॅकिंग करते. सकाळी सातला चौक गावच्या नाक्यावर कंपनीची बस येते, संध्याकाळी सातला तिला तिथेच सोडते. सलग तीन खाडे झाले की ठेकेदार गेटपास काढून घेतो आणि दुसरी बाई उभी करतो. दुसरी बाई गेटवर उभीच असते. नात तेव्हा सव्वा वर्षाची. तिला माझ्या बायकोने वाढवलेली. मला नांगर धरता येतो, बांध घालता येतो, म्हैस अडली तर मी निभावून नेतो. पोराचं ढुंगण धुता येत नव्हतं. माझा स्वतःचा मुलगा लहान असताना मी पाहिला तो बहुतेक झोपलेलाच.

शिकलो. पहिल्या आठवड्यात लंगोट उलटा बांधला. पेजेत मीठ जास्त पडलं, पोरीने ती माझ्या तोंडावर थुंकली. बायको असती तर पोट धरून हसली असती. मग घरात हसणारं कुणी नाही हे लक्षात यायचं आणि मी पोरीवरच ओरडायचो. ती बिचारी भोकाड पसरायची. मग दोघं रडायचो. हे मी गावात कुणाला सांगितलेलं नाही.

एका दुपारी माझा डोळा लागला. वयच तसं आहे. जागा झालो तो दारात डंपरचा ड्रायव्हर उभा, आणि नात त्याच्या खांद्यावर. आमचं घर कर्जतच्या रस्त्याला लागून. पोरगी उंबरा ओलांडून, अंगण ओलांडून डांबरावर जाऊन बसली होती. 

"म्हातारबा, पोरगी नको झाली का? नको असेल तर सांगा, मी नेतो घरी," तो म्हणाला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

संध्याकाळी मीच सुनेला सांगितलं. लपवलं असतं तर लपलं असतं, पण मी लपवलं नाही. ती भाकरी थापत होती. हातातली भाकरी तव्यावर टाकून झाल्यावर म्हणाली,

"उद्यापासून मी नाय जात, बाबा."

"नाय कशी जात?"

"मग पोरीला रस्त्यावर बसवू?"

"चौकला ती पोरं सांभाळणारी बाई हाय ना..."

"तिला निम्मा पगार द्यायचा. म्हंजे पोर सांभाळायच्या पैशासाठी मी पोर सोडून जायचं?"

मी एवढंच म्हणालो, "तीन खाडे व्हायच्या आत मी काय तरी करतो. दोन दिवस घरी बस."

आमच्या गावामागच्या उतारावर आदिवासींची वाडी आहे, अर्ध्या तासाची चढण. तिथल्या बाया फार्महाऊसच्या बांधकामावर रोजाने जातात. त्यांच्या पोरांसाठी अंगणवाडीतच सरकारने पाळणाघर काढलेलं मी ऐकून होतो. दिवसभर पोरं ठेवायची, खायला घालायचं, पैसा घ्यायचा नाही, खर्च सरकारचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला पाठीशी टॉवेलने बांधली आणि चढलो. आयुष्यात वाडीवर मी मजूर सांगायला गेलेलो, मागायला पहिल्यांदाच.

पाळणाघराची बाई पस्तिशीची असेल. चार पोरं तिच्या अंगाखांद्यावर, एक पाळण्यात. तिने नातीला आधी घेतली, मग मला विचारलं, "गाव कुठलं, काका?"

मी खालचं गाव सांगितलं. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसायला लागली. दारात सरपण ठेवत असलेल्या बाईला हाक मारून म्हणाली, "अगं ये गं, बघ! खालच्या गावचं पोर आलंय पाळणाघरात!"

"हसायला काय झालं?" मी चिडलो.

"काका, तुमच्या गावात तर कुणी बाई कामालाच जात नाय म्हणं! सगळ्या घरात बसून असतात. आमच्या मॅडमनी यादी वाचून दाखवली ना. आमच्या वाडीचं नाव वर आलं नि तुमच्या गावाचं कोरं. म्हणून पाळणाघर आमाला मिळालं."

मी तिथेच पायरीवर बसलो. कारण ती यादी कोरी कशी राहिली हे मला पक्कं ठाऊक होतं.

बायको होती तेव्हाची गोष्ट. आमच्या गावची अंगणवाडी सेविका मोबाइल घेऊन दारात आली. घरात माणसं किती, लहान पोर कुणाला, कोण काय करतं, सगळं विचारत होती. आमच्या गावाची एक रीत आहे. कागद किंवा मोबाइल घेऊन कुणी दारात आलं की घर गरीब करायचं. मोटारसायकल मेव्हण्याची होते. मुलगा बेकार होतो. बाया तर सगळ्याच घरी बसतात. का, तर रेशनचं कार्ड. कुणाची कमाई कागदावर चढली आणि कार्डाचा रंग बदलला तर तांदूळ बंद. कुणी तशी धमकी दिली होती असं नाही, पण भीती घरोघर होती, आणि मी त्यात पहिला. सून पोटुशी होती तरी त्या दिवशीही बसने कामाला गेली होती. सेविकेने विचारलं, "सून काय करते?" मी म्हणालो, "काय करणार? घरीच असते."

बायको शेजारी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली. "अवो, मग सकाळी डबा कुणाचा भरला मी?"

"गप बस," मी म्हणालो.

सेविका हसली. तिलाही सगळं माहीत होतं, तिची स्वतःची जाऊ त्याच बसने जाते. मग तिने बायकोकडे बोट केलं, "आणि ह्या?"

"ती काय करते? काय नाय."

बायको सुपातला खडा उचलून बाहेर फेकत म्हणाली, "लिव गं बाई, काय नाय करत. बेचाळीस वर्सं काय नाय करते मी. करवंदं, जांभळं, शेंगा कर्जतच्या बाजारात आपोआप चालत जातात."

तेव्हा आम्ही तिघंही हसलो. बायको गेल्यावर मृत्यूची नोंद करायला ग्रामपंचायतीत गेलो तर तिथेही तेच. मयताचा व्यवसाय? माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, काही नाही. लिहिणाऱ्याने लिहिलं. मी बाहेर आलो, चपला घातल्या, आणि मग मला कळलं मी काय बोललो. परत आत जाऊन खोडायला सांगायची लाज वाटली. तिच्या टोपल्यांवर माझ्या मुलाची शाळा झाली. मजूर कुणाला मिळेनात तेव्हा भातलावणीला ती स्वतः बारा बायांना घेऊन जायची. आणि तिच्या शेवटच्या कागदावर मी काही नाही लिहून आलो. याचं मला जे वाटतं ते मी कुठे ठेवू?

वाडीच्या पायरीवर हे सगळं डोक्यात आलं. पाळणाघराच्या बाईने मला पाणी दिलं. म्हणाली, "काका, पोरगी गोड हाय. पण माझ्या रजिस्टरात तुमचं नाव बसत नाय. पंधरा ऑगस्टच्या झेंड्यापर्यंत मी ठेवते, खायला माझ्या डब्यातलं घालीन. त्याच्यानंतर वरची मॅडम तपासणीला येणार. तेव्हा ही इथं दिसली तर माझं काम जाईल."

जिच्या घरी आमचे लोक कधी पाणी प्यायले नाहीत ती बाई आमच्या पोरीला आपल्या डब्यातलं घालणार होती. मी तिला हात जोडले. सून तिसऱ्या दिवशी कामावर गेली, गेटपास वाचला. पण झेंड्याला अठरा दिवस उरले होते.

मी सेविकेकडे गेलो. "यादी बदल."

"अशी कशी बदलू, काका? तुमीच सांगितलंत ना घरीच असते. सगळ्यांनी तसंच सांगितलं. आता एकटीचं नाव घातलं तर मॅडम विचारतील, बाकीच्या कुठं गेल्या?"

"मग काय करायचं?"

"ग्रामसभेत बायांनी उभं राहून सांगायचं. ठराव झाला की मी सगळं नव्यानं भरते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "कुणी उभं राहणार नाय. माझी जाऊसुद्धा नाय."

झेंडावंदन झालं आणि शाळेच्या ओट्यावर ग्रामसभा बसली. पाऊस होता, पत्र्यावर इतका आवाज की सरपंचांना ओरडावं लागत होतं. पाणी, गटार, रस्त्याचे दिवे, सगळं झालं. सरपंच म्हणाले, "आणखी कुणाचं काय?" मी नातीला कडेवर घेऊन उभा राहिलो.

"मी खोटं बोललोय," मी म्हणालो. "माजी सून कामाला जाते. लगीन झाल्यापासून जाते. मी लिहून दिलं, घरीच असते. तुमी सगळ्यांनी पण तेच लिहून दिलंय. म्हणून वाडीला पाळणाघर हाय आणि आपल्याला नाय."

चुलतभाऊ ताडकन उठला. "तुला कळतंय का रं काय बोलतोस? ग्रामसेवक लिहून घेतोय!"

"लिवू दे. त्याच्यासाठीच बोलतोय."

"उद्या गावाचं रेशन गेलं मंजे?"

"तुज्या पोराची बुलेट मेव्हण्याच्या नावावर हाय तोवर तुजं काय जात नाय."

सभा हसली. तो लाल झाला. "म्हातारी गेली तशी ह्याची अक्कल पण गेली!"

हसणं थांबलं. मी त्याला म्हणालो, "अक्कल गेली नाय. ती होती तवा नव्हती, आता आलीय. तांदूळ पायजे तर घरात कुणी कमवू नये. पाळणाघर पायजे तर कमवायला जावं. सरकारला दोन्ही कागद एकदम चालत नसतील तर त्यानं एक फाडावा, मी माजी सून फाडणार नाय. ती सकाळी सातला जाते, सातला येते, आणि ती कुठंच जात नाय असं आपण म्हणायचं? कार्ड कापायचंय? कापा. माजं पयलं कापा."

नातीने माझी टोपी ओढून खाली टाकली. कुणी उचलली नाही. मागून बायांच्या रांगेतून माझी सून उठली. झेंड्याची सुट्टी, म्हणून ती आली होती. मी काही बोलणार हे तिला सांगितलं नव्हतं. तिने पदराच्या गाठीतून गेटपास काढून वर धरला.

"मी पॅकिंगला जाते," ती म्हणाली. एवढंच. आणि बसली नाही, उभीच राहिली.

मग सेविकेची जाऊ उठली. मग सरपंचाची भाची. मग रस्त्याकडच्या दोघी एकदम. एक उठली तर नवरा म्हणाला, "बस खाली." ती थोडी उभी राहिली आणि बसली. पण दुसऱ्या दिवशी भर दुपारी तीच सेविकेच्या मागच्या दाराने जाऊन नाव लिहून आली.

ठराव झाला. यादी गेली. आमच्या गावाचं पाळणाघर अजून मंजूर नाही. खोलीचं छप्पर गळतं असं कारण आहे. पण यादीतल्या पोरांना तोवर वाडीच्या रजिस्टरात घ्या, असा निरोप वरून आला. तपासणीची मॅडम आली तेव्हा नात रजिस्टरात होती आणि पाळण्यात झोपलेली होती. माझ्या कार्डाची चौकशीही लागली. तलाठ्याकडे गेलो आणि सुनेचा पगार जेवढा आहे तेवढा सांगितला. हेही सांगितलं की तीन खाड्यांत तो पगार जातो, तेही लिहा. तो म्हणाला, तसा रकाना नाही. मी म्हणालो, मग रकाना काढा, मी बसतो. अजून निकाल नाही. तांदूळ बंद झाला तर मी तहसीलला जाऊन बसेन. मला आता दुसरं काम काय आहे?

चुलतभाऊ महिनाभर बोलला नाही. मग एका सकाळी मी नातीला घेऊन वाडीकडे निघालो तर तो वाटेत उभा. कडेवर त्याचा नातू, शेंबडाने भरलेला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "वर जातोस तर ह्याला पण ने."

"यादीत नाव हाय?"

"नाय. तू सांगून बघ."

"सांगतो. पण आधी तू सांग. तुजी सून काय करते?"

तो खाली बघत पुटपुटला, "जाते कंपनीत."

"ऐकू नाय आलं. पोराला ऐकू दे."

रस्त्याने दोन माणसं येत होती, दोघंही ओळखीची. तो त्यांच्याकडे बघत राहिला. ती जवळ आली, आणि तो ओरडल्यासारखा म्हणाला, "माजी सून कंपनीत कामाला जाते!"

मी हात पुढे केले आणि पोर घेतलं.