कोणताही दिवस चालेल

देशकरचा फोन आला तेव्हा मी वैशाली नगरात इस्त्रीवाल्यापुढे उभा होतो. "वसंता, शैला गेली रे," एवढंच बोलला. राखीचा आठवडा होता... मी कपडे तिथेच टाकले आणि तसाच निघालो. शैलावहिनी म्हणजे या देशकरची, माझ्या प्लांटमधल्या जोडीदाराची, बायको, आमच्या शेजारीण आणि इथल्या एका कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापक. तेरवी झाली, गणपतीही बसून उठले, आता लिहायला बसलोय. रडगाणं लिहिणार नाही. मला या बाईचा फार अभिमान आहे, तोच सांगतो.

गणिताला घाबरून अर्थशास्त्र घेणारी पोरं असतात ना, वहिनी त्यातल्याच. चाळिशी ओलांडल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपला विषय आपल्याला मागे टाकून गेलाय. नवं पुस्तक उघडावं तर पानभर समीकरणं, आणि त्यापुढे कॉम्प्युटर. दुसऱ्या कोणी रिटायरमेंटची वाट पाहिली असती. वहिनी मुलीच्या, मुक्ताच्या, बारावीच्या पुस्तकातून कॅल्क्युलस शिकल्या आणि मग प्रोग्रॅम लिहायला बसल्या. मी चिडवायचो, "वहिनी, कॅल्क्युलसनं भाजी स्वस्त होऊन राहिली का?" त्या म्हणायच्या, "भाऊजी, अर्थशास्त्र म्हणजे नुसता भाव नव्हे. वस्तू एक, मागणारे दहा, आणि भाव लावायची सोय नाही. कॉलेजची सीट घ्या, दवाखान्यातली किडनी घ्या. ती कोणाला द्यायची याचा नियम आता गणितातून काढतात, आणि कॉम्प्युटर तो पाळतो." मी मान डोलवायचो. कळायचं काहीच नाही.

कळलं ते गणपतीत. आमच्या मराठी मंडळात आरतीच्या मानावरून दरवर्षी भांडण. एकेका आरतीचा मान एकेका घराला, आणि विसर्जनाची आरती सगळ्यांनाच हवी. एका वर्षी धोटेभाऊंनी सरळ वेगळा गणपती बसवायची धमकी दिली, आणि अर्धं मंडळ त्यांच्यामागे उभं राहिलं. या हिंदी परमुलखात येऊन मुश्किलीनं जोडलेली माणसं, एका ताटापायी फुटणार! तेव्हा वहिनी लॅपटॉप घेऊन उभ्या राहिल्या. प्रत्येक घरानं आपली पसंती क्रमानं लिहून द्यायची. कॉम्प्युटर चिठ्ठ्या उचलल्यासारखे घरांचे नंबर काढेल. तुमचा नंबर आला की तुमच्या पसंतीतलं जे सगळ्यात वरचं शिल्लक असेल, ते तुमचं.

आणि आमच्या लोकांनी काय लिहावं? जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, "कोणताही दिवस चालेल." संस्कारी माणसं ना आम्ही! धोटेभाऊंच्या वाट्याला ऐन ड्युटीच्या दिवसाची आरती आली. ते लालबुंद. "आमाले कावून असं टाकून दिलं?"

"भाऊ, तुम्हीच तर कोणताही चालेल लिहिलं!"

"अहो, तसं लिहा लागते! समजून घ्यायचं असते!"

पुरा हॉल हसला. वहिनी हसल्या नाहीत. घरी येताना मला म्हणाल्या, "गणित बरोबर आहे, भाऊजी. आपल्याला मागायची लाज वाटते, अन् मिळालं नाही की राग येतो. याचा इलाज मलाच करावा लागेल."

पुढच्या वर्षी बैठकीत त्यांनी आधी ताट मांडलं. पेढा, करंजी, बालुशाही, आणि खेळ तोच. माझ्या बायकोनं हुशारी केली. तिला हवा होता पेढाच, पण त्यावर सगळ्यांची उडी पडणार म्हणून तिनं आधी करंजी लिहिली. तिचा नंबर आला तेव्हा पेढा ताटात तसाच, आणि हातात करंजी! वहिनी म्हणाल्या, "पाहिलंत? या नियमात खोटं बोलून फायदा कोणाचाच होत नाही, झालं तर नुकसान आपलंच. म्हणून लाजू नका, खरं लिहा." त्या वर्षी सगळ्यांनी खरं लिहिलं. दुसरा गणपती काही बसला नाही, आजही आमचा एकच आहे. वहिनींचा विषय मला त्या करंजीनं शिकवला.

यंदा लॅपटॉप मुक्तानं आणला. विश्वकर्मा पूजेला, इथं यंत्रं पुजतात त्या दिवशी, वहिनी त्याला कुंकू लावायच्या, तो डाग झाकणावर तसाच आहे. मी बैठकीत सांगून टाकलं की वहिनींच्या नावानं विसर्जनाची आरती मला करायची आहे. लगेच कुजबुज झाली, "मग वसंतभाऊलेच देऊन टाका, आम्ही दुसरं लिहितो." मुक्तानं खाली मान घातली. एवढ्यात धोटेभाऊ उठले. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत. "मी नाही लिहीत दुसरं. मलेही विसर्जनाचीच पाहिजे. त्या बाईच्या मशीनले मी खोटं सांगणार नाही."

मग सगळ्यांनी खरं लिहिलं. मुक्ता बटणावर बोट ठेवून म्हणाली, "दबा दूँ, काका?" मी म्हटलं, "दाब." विसर्जनाची आरती धोटेभाऊंना लागली. राग आला का? आला, खोटं कशाला बोलू! पण छातीही फुगली. वहिनी नसतानाही त्यांचा नियम चालला होता, आणि कोणी दया म्हणून मला आरती देऊन टाकली नव्हती.

विसर्जनाच्या दिवशी धोटेभाऊंनी निम्मी आरती केली, आणि टाळ्या चालू असतानाच ताट माझ्यापुढे धरलं. "घ्या. नंबर माझा होता, आता माझ्या मर्जीनं देऊन राहिलो." माझ्या तोंडाशी आलंच होतं... नको, नको, राहू द्या, तुम्हीच करा. टेबलावरच्या लॅपटॉपवर तो कुंकवाचा डाग दिसला. मी शब्द गिळले, दोन्ही हात पुढे केले आणि म्हटलं, "आणा. पाहिजेच होतं मले."