मंदाकिनीबाईंनी सुधारलेलं खोटं

मंदाकिनी ओव्हाळ यांना राग येतो, असं म्हणणं बरोबर नाही. राग त्यांच्याकडे राहायलाच असतो. अधूनमधून बाहेर जातो, भाजीबिजी घेऊन परत येतो.

खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये त्या वाढल्या. वडील कारखान्यात फिटर. बाई एका मोठ्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. इंग्रजी त्या कानानं शिकल्या. साहेब लोक फोनवर कुठं थांबतात, कुठं गडबडतात, थाप मारताना वाक्य कसं लांबवतात, ते ऐकत ऐकत. निवृत्त होऊन घरी बसल्यावर भांडणं वाढली, तेव्हा नवऱ्यानंच, रंगनाथरावांनी, पेपरातली जाहिरात कापून पुढ्यात ठेवली. कोथरूडमध्ये स्पोकन इंग्लिशच्या क्लासला शिक्षिका पाहिजे होती.

"जा," ते म्हणाले, "नाहीतरी दिवसभर चिडतेसच. तिथं निदान कोणाचं भलं होईल."

क्लास मोबाइलच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांचा. मालक अनिरुद्ध, पस्तिशीचा, ऐन मे महिन्यात ब्लेझर घालणारा. संध्याकाळच्या बॅचला यायचे ते वॉचमन, लॅबमधली पोरं, पार्सल पोचवणारे, आणि विदर्भातून नोकरीसाठी आलेल्या, कात्रजला खोली करून राहणाऱ्या मुली.

या सगळ्यांचं दुखणं एकच होतं आणि ते बाईंनी पहिल्या आठवड्यात पकडलं. आपल्या मराठी तोंडाला 'ऊन'ची सवय. उठून, आंघोळ करून, डबा भरून, गाडी काढून आलो. एक 'आलो' तेवढा चालतोय, बाकी सगळ्या क्रिया त्याच्या पाठीवर बसलेल्या. तेच इंग्रजीत नेलं की व्हायचं, "आय गेटिंग अप, बाथ टेकिंग, टिफिन फिलिंग, केम."

"इंग्रजीत फुकट कोणाला पाठुंगळी घेत नाहीत," बाई ओरडायच्या. "ज्यानं त्यानं आपल्या पायावर उभं राहायचं. गॉट अप. टुक अ बाथ. पॅक्ड द टिफिन. सगळं होऊन गेलंय ना? मग सगळ्यांचं रूप होऊन गेल्याचं पाहिजे. आणि मग त्यांच्यामध्ये अँड. शिवाय अँडच्या दोन्ही बाजूंना जात एकच लागते. वस्तूशेजारी वस्तू, क्रियेशेजारी क्रिया. टी अँड खारी. ड्रँक अँड लेफ्ट. मराठीत तरी म्हणता का, मी चहा आणि निघालो?"

"आमच्याकडं म्हणतात, मॅडम," पोपट नावाचा वॉचमन म्हणाला, "उशीर झाला आसला की."

रोज आल्या आल्या प्रत्येकानं उभं राहून कालचा दिवस सांगायचा, हा बाईंचा शिरस्ता. पण खरा. पाठ करून आणलेलं चालणार नाही. पोपट उठायचा. "यस्टरडे आय स्टूड अँड स्टूड अँड स्टूड."

"बरोबर आहे, पण पुढं काहीतरी घडव. बट म्हण. बट म्हटलं की समोरचा कान टवकारतो, त्याला काहीतरी द्यायला लागतं."

"बट," पोपट विचार करून म्हणाला, "नोबडी केम."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर ते वाक्य लिहिलं आणि म्हणाल्या, "यात एक अक्षर चुकीचं असेल तर दाखवा मला."

दीपाली याच बॅचची. वाशिमची. वडिलांचं पाइप-नळाचं दुकान, आई, कांताताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या वर्गावर. मुलगी हुशार, पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की ओढणीशी खेळायची. कालचा दिवस सांगताना मात्र खुलायची, कारण तिच्या रोजच्या दिवसात आईचा फोन असायचा. "माय मदर कॉल्ड अँड स्कोल्डेड मी, सो आय एट." सहा महिन्यांत ती अशी बोलायला लागली की अनिरुद्धच्या नजरेत भरली. नव्या शाखेत फ्रंट डेस्कला माणूस हवं होतं. "जागा तुझीच," तो तिला म्हणाला, "फक्त आधी आपला एक व्हिडिओ करू. तुझी जर्नी."

व्हिडिओत काय बोलायचं ते त्यानं स्वतः लिहिलं आणि कागद मंदाकिनीबाईंच्या हातात ठेवला. "मॅडम, जरा ग्रामर बघा ना, उद्या शूट आहे." बाई जिन्यात होत्या, बस गाठायची होती. पर्समधलं लाल पेन काढून कागद भिंतीला लावून त्यांनी तिथंच उभ्या उभ्या तपासला. माय मदर वॉश युटेन्सिल्स. वॉश्ड. माय फादर ड्रिंक अँड बीट अस. ड्रँक. आय क्राय एव्हरी नाइट. क्राइड. बट आय जॉइन दिस क्लास. जॉइन्ड. सो माय लाइफ चेंज. चेंज्ड. कागद परत दिला आणि खाली उतरल्या.

स्टॉपवर उभ्या असताना बस आली, थांबली, गेली. बाई तशाच उभ्या.

काय वाचलं आपण? वाचलंच नाही. वॉशला ईडी लावला, ड्रिंकचं ड्रँक केलं, सगळं घडून गेल्यासारखं ठाकठीक करून दिलं. दीपालीच्या आईला भांडी घासायला लावली, बापाला दारू पाजली, आणि वर लाल पेनानं खूण केली की बरोबर आहे. एवढं मोठं खोटं, आणि त्यातली एकच चूक आपल्याला दिसली, ती म्हणजे ते वर्तमानकाळात होतं!

त्या जिना परत चढल्या. खालच्या मोबाइलवाल्यानं नंतर सांगितलं, पायऱ्यांच्या आवाजावरूनच त्याला वाटलं, आज वर काहीतरी फुटणार.

"अनिरुद्ध, हे कोणी लिहिलं?"

"आमच्या कंटेंट टीमनं."

"टीम म्हणजे तूच ना?"

"म्हणजे... हो. मीच."

"हिची आई शिक्षिका आहे. ती लोकांची भांडी घासत नाही."

"अहो, घरी घासत असेलच की. सगळेच घासतात."

"आणि बाप पितो?"

"ते थोडं डेव्हलप केलंय. मॅडम, लोकांना बिफोर लागतो. नुसता आफ्टर बघायला कोणी येत नाही. वजन कमी करायच्या जाहिरातीत मुळातच बारीक असलेली बाई कधी बघितलीत?"

"मग तुझ्या आईला घे ना. त्या काय करायच्या?"

"आई बँकेत होती."

"त्यांना लाव भांड्यांना. आई कोथरूडभर भांडी घासते आणि मुलगा ब्लेझर घालतो. बघ कसा बिफोर होतो."

"ते कोणाला पटणार नाही, मॅडम."

"आणि वाशिमच्या बाईचं पटेल. का पटेल?"

अनिरुद्धनं खांदे उडवले. "तिचं बोलणंच तसं आहे ना. मले, तुले. ऐकलं की आपोआप चित्र उभं राहतं."

हे आपोआप उभं राहणारं चित्र बाईंच्या चांगल्याच ओळखीचं होतं. कंपनीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागल्या तेव्हा आडनाव ऐकून शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं होतं, "वडील सफाई खात्यात का?" "फिटर आहेत," म्हटल्यावर त्या बाई म्हणाल्या होत्या, "अरे वा!" त्या 'वा'चं उत्तर मंदाकिनीबाई इतकी वर्षं शोधत होत्या.

"भांडी घासण्यात लाज नाही," त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता आणि म्हणून जास्त धोक्याचा झाला होता. "माझ्या आत्यानं बंगल्याबंगल्यांतली भांडी घासून पोरगा इंजिनीअर केला. ती तिची गोष्ट आहे, तिनं हातांना चिरा पाडून कमावलेली. ती उचलून तू दुसऱ्याच बाईच्या गळ्यात घालतोस? कशासाठी, तर तुझ्या खुर्च्या भराव्यात म्हणून?"

दीपाली दारात येऊन उभी होती. "जाऊ द्या ना, मॅडम," ती म्हणाली. "म्हणून टाकते मी. दोन मिंटाचं काम हाये. नोकरी तं लागते."

"आईला विचारलंस?"

"तिले कायले सांगा लागते? ते कुठं पाहाते."

"लाव फोन. आवाज मोठा कर."

दीपालीनं अनिरुद्धकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि ज्याची जास्त भीती वाटली त्याचं ऐकलं. फोन लागला. बाईंनी तो हातात घेतला.

"कांताताई, मी दीपालीची इंग्रजीची मॅडम. तुमची मुलगी उद्या व्हिडिओत सांगणार आहे, की तुम्ही लोकांकडे भांडी घासली आणि तिचे बाबा दारू पिऊन मारायचे. तुमची परवानगी आहे ना?"

"कोणाचे बाबा?"

"दीपालीचे."

"आमचे हे? अहो मॅडम, ते तर चहासुद्धा फुंकून फुंकून पितात." कांताताई हसल्या, आणि हसता हसताच आवाज बदलला. शाळेतली भाषा गळून पडली. "दीपे, हायेस काय तिथं? आयक. म्या भांडे घासले असते तं तुले म्हटलं असतं, माईक घे अन् सांग साऱ्या गावाले. पण नाही घासले ते काऊन सांगतं वं? माह्या वर्गातल्या दोन पोरीइच्या माया जातात दुसऱ्याच्या घरी कामाले. त्या पोरी पाहातीन ना मोबाइलवर. म्हणतीन, बाईच्या पोरीनं आमच्या मायचं दुख बी उचलून नेलं. काय सांगू मी त्याइले? अन् बाप संध्याकाळी दुकानातून येईन तं मी काय पाहू त्याच्या तोंडाकडे? नोकरी पाह्यजे ना? माग ना ताठ मानेनं. आमाले इकून नको मांगू."

फोन बंद झाला. अनिरुद्ध म्हणाला, "मॅडम, हे अत्यंत अनप्रोफेशनल आहे."

"हो," बाई म्हणाल्या. "उद्या किती वाजता यायचं शूटला?"

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर दीपाली उभी राहिली आणि कागद घडी करून तिनं खुर्चीवर ठेवला. "माय मदर टीचेस अँड माय फादर सेल्स पाइप्स. आय केम टू पुणे अँड टुक अ रूम विथ टू गर्ल्स. आय वेंट टू मेनी ऑफिसेस, बट आय वॉज शाय, सो नोबडी टुक मी. आय जॉइन्ड दिस क्लास बिकॉज इट वॉज ऑन माय बस रूट." एकदाही ओढणीला हात लागला नाही.

"कट," अनिरुद्ध म्हणाला. "यात आहे काय? कोण बघणार हे?"

"तू बघितलंस की आत्ता," बाई म्हणाल्या. "तोंड उघडं टाकून."

तो व्हिडिओ काही लागला नाही. डेस्कवर साई नावाचा मुलगा बसला. कर्वेनगरचा. आपलं तोतरेपण या क्लासनं घालवलं, असं त्यानं कॅमेऱ्यात रडून सांगितलं. तो कधीच तोतरा नव्हता. आणि बाईंना निरोप आला, तुमची बॅच सध्या पॉज करतोय.

दीपालीनं त्यांना जिन्याखाली गाठलं. यावेळी चिडलेली ती होती. "तुमचं काय, मॅडम! तुमचं तं रिटायर बी होऊन झालं. तुमाले राग काढाचा होता, काढला. नोकरी माही गेली ना!"

बाईंनी पर्समधून रंगनाथरावांच्या स्कूटरची किल्ली काढली. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "चीड. मनसोक्त चीड. पण चिडत चिडत गाडीवर बस."

दोघी स्कूटरवरून फिरल्या. एका दंतवैद्याकडे माणूस नको होतं. एका फर्निचरच्या दुकानात मालकानं दीपालीशी न बोलता बाईंशीच बोलायला सुरुवात केली, तिथून बाईंनीच तिला ओढून बाहेर काढलं. तिसरी एक पॅथॉलॉजी लॅब. तिथं बाई बाहेर स्कूटरवरच थांबल्या, कारण आत आल्या तर आपली उरलीसुरली संधी जाईल, असं दीपालीनं त्यांना तोंडावर सांगितलं होतं. काचेतून आतल्या डॉक्टरीणबाई दिसत होत्या. त्या विचारत होत्या, दीपाली बोलत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा बोलत होती. रस्त्यावर एकजण बाईंना गाडी बाजूला घ्या म्हणाला, त्याला जे ऐकायला मिळालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दीपाली बाहेर आली आणि बाईंकडे न बघता आधी फोन लावला. "माय, लागली वं. उद्यापासून या म्हणे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो. विचारलं ना त्याइनं तुह्याबद्दल. खरंच सांगतलं. तिसरीले शिकवते म्हटलं." पुन्हा प्रश्न. दीपालीनं तिरप्या नजरेनं स्कूटरकडे बघितलं. "मॅडम रागीट हाये, हे बी सांगतलं. डॉक्टरीणबाई म्हणे, चालते, इथं पेशंट लय कटकट करतात, तुले सवय असंन."

मंदाकिनीबाईंनी हॉर्न वाजवला. पोरीचं बोलणं काही संपेना, म्हणून वाजवतच राहिल्या.