सव्वा किलोचा लॅपटॉप

मी लग्नांचे फोटो काढते. बारा वर्षं कॅमेऱ्याची बॅग वागवून माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलाय. डॉक्टर म्हणाले, वजन उचलणं बंद करा. कॅमेरा सोडणं शक्य नव्हतं, म्हणून कुऱ्हाड कोसळली ती पावणेतीन किलोच्या जुन्या लॅपटॉपवर. त्यातच हंपीला तीन दिवसांच्या एका लग्नाचं काम आलं. फोटो रोजच्या रोज तिथेच निवडून द्यायचे होते.

हे मी बदलापूरला घरी बोलून बसले, तिथे चुकलं. माझे बाबा आनंदनगरच्या एका कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होते. निवृत्तीनंतर तपासायला त्यांच्याकडे मी एकटीच उरले आहे. उल्हासनगरच्या दुकानात ते आले, ते स्वयंपाकघरातला वजनकाटा पिशवीत घालून.

"बाबा, वजन खोक्यावर लिहिलेलं असतं."

"लिहिलेलं सगळं खरं असतं, तर मला तीस वर्षं पगार कशाला दिला असता?"

काटा बघून सिंधी दुकानदाराचा चेहरा पडला. "अंकल, ये लॅपटॉप है, भेंडी नहीं."

बाबांनी शांतपणे लॅपटॉप काट्यावर ठेवला. मग म्हणाले, "आता चार्जर." सव्वा किलोचं दीड किलो झालं. दुकानदारालाही हे नवीनच होतं. थोड्या वेळाने तो स्वतःच कपाटातून एकेक काढून आणायला लागला, "अंकल, इसका भी करो ना." चहा आला. बाकीची गिऱ्हाइकं ताटकळत उभी राहिली.

मी पेनड्राइव्हमधला एकच फोटो प्रत्येक स्क्रीनवर लावून बघत होते. कुंकवाच्या रंगाची साडी नेसलेली नवरी. एका स्क्रीनवर साडी टोमॅटोसारखी, दुसऱ्यावर जांभळट. सगळ्यात हलक्या लॅपटॉपवर तर नवरीला कावीळच झाली होती. शेवटी घेतला तो सव्वा किलोचाच, वजनात तिसरा, पण रंगात पहिला.

घरी आल्यावर कळलं, इतक्या बारीक लॅपटॉपला मेमरी कार्ड घालायला जागाच नसते. मग कार्ड रीडर आला, हार्ड डिस्क आली, दोघांच्या वायरी आल्या. हलक्या लॅपटॉपच्या सामानाची वेगळी बॅग झाली आणि ती उचलायला बाबा हंपीला आले.

गुडघ्यांमुळे त्यांना फार फिरता येत नव्हतं. संध्याकाळी मी खोलीत फोटो निवडायला बसले की शेजारी खुर्ची ओढून बसायचे. "मामांचे डोळे मिटलेत, रिजेक्ट. काकूंच्या तोंडात घास, रिजेक्ट." दुसऱ्या दिवशी मी वैतागून म्हटलं, "बाबा, ही लग्नाची माणसं आहेत, नटबोल्ट नाहीत."

मी एक फोटो उडवणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. "थांब. हा पास."

"अहो, यात नवरी धूसर आलीय."

"तिच्या मागे बघ."

मागे मंडपाच्या खांबाआड नवरीचे वडील उपरण्याने डोळे पुसत उभे होते. ते स्पष्ट आले होते. मी पाहिलेच नव्हते.

सकाळी नवरी सगळे फोटो भराभर बघत गेली आणि त्या एकावर थांबली. "पप्पा मला म्हणाले, होमाचा धूर गेला डोळ्यांत," ती म्हणाली. "हा माझ्या बाबांनी निवडलाय," मी सांगितलं.

तिने पुढे तिच्या मैत्रिणीला माझं नाव सुचवलं. गेल्या महिन्यात त्या मैत्रिणीच्या लग्नाला मी वांगणीच्या फार्महाऊसवर एकटीच पोचले. दारातच तिची आई माझ्या मागे बघत म्हणाली, "हे काय, सर नाही आले?"