नवव्या डावाचा उरलेला अर्धा

मार्चमधले सामने खोटे असतात. बेसबॉलवर जीव टाकणारा माणूस हे सांगतोय, म्हणून ऐका. खरा मोसम एप्रिलमध्ये, तिकडे उत्तरेत. त्याआधी महिनाभर ते संघ आमच्या फ्लोरिडात उन्हाला येतात, अंग मोकळं करतात, आपसात सामने खेळतात. कोण जिंकलं, कोण हरलं, कुठेच धरलं जात नाही. बडे खेळाडू पाचव्या डावानंतर आंघोळ करून गाडीत बसतात आणि पाठीवर नावसुद्धा नसलेली पोरं पुढे खेळत राहतात. तरी माणसं येतात. लेक अ‍ॅडलेड गावच्या मैदानावर मी १९८१ पासून खुर्च्या पुसतोय, तिकिटं बघून लोकांना जागेवर बसवतोय. या वेड्यांमधलं सगळ्यात वेडं कोण असं मला विचाराल, तर व्हर्ना हास्की.

ती ओहायोची. टोलेडोत एका काच कारखान्याच्या कचेरीत तिनं आयुष्य काढलं आणि वर्षाची सगळी रजा मार्चसाठी राखली. ही रीत तिच्या आजोबांची. त्यांनी एकदा हिवाळ्याला वैतागून बायकापोरांना गाडीत घातलं, दोन दिवस गाडी हाकली आणि आमच्या मैदानावर येऊन बसले. तेव्हापासून हास्की घराणं दर मार्चला आलं. लग्न करताना व्हर्नानं नवऱ्याला आधीच बजावलं होतं म्हणे, "मार्च माझा." तो बिचारा चार मार्च आला, पाचव्याला तिला सोडून कायमचा निघून गेला. मुलगी टेस मात्र याच खुर्च्यांवर अंड्याची सँडविचं खात वाढली.

या घराण्याचे नियम दोन. पहिला, प्रत्येक सामना वहीत उतरवायचा. प्रत्येक फलंदाजाची एक चौकट, तो कसा बाद झाला किंवा कुठवर पळाला ते शिसपेन्सिलीनं त्या चौकटीत. वही धरणारा उठला तर शेजारच्यानं घ्यायची, चौकट रिकामी सोडायची नाही. त्यामुळे त्या वह्यांमध्ये सगळ्या खानदानाची अक्षरं आहेत, गेलेल्यांचीही. आणि दुसरा नियम, शेवटचा माणूस बाद होईपर्यंत उठायचं नाही. खोट्या सामन्याला एवढा खरा नियम!

व्हर्नाची आणखी एक सवय होती, ती कुणाला कळायची नाही. मॅच संपली की ती मान वळवून मला विचारायची, "लाइल, संपली ना?"

मी म्हणायचो, "संपली, व्हर्नाबाई. जा आता घरी, मला झाडू मारू द्या."

मगच ती वही मिटायची. समोर खेळाडू हात मिळवत असायचे, आंधळ्यालाही कळावं की मॅच संपली आहे, तरी विचारायची. टेस हसायची, "आई, दिसतंय की!" शेजारपाजारचेही हसायचे. मीही हसायचो. पण दर वेळी मी नजर फडक्याकडे वळवायचो. का ते आता सांगतो. इतकी वर्षं जीभ टाळ्याला चिकटली होती.

मी नोकरीला लागलो तो पहिलाच मार्च. चोवीस वर्षांचा होतो आणि सगळं मलाच कळतं असं वाटायचं. व्हर्ना छत्तिशीची, शेजारी तिचे वडील ऑर्विल. सामन्याचे डाव नऊ; प्रत्येकात आधी पाहुणे फलंदाजी करतात, मग घरचे, तीन-तीन जण बाद होईपर्यंत. त्या दिवशी नवव्या डावात पाहुण्यांची फलंदाजी आटोपली आणि आमचा संघ पाचास तीनने पुढे होता. म्हणजे सामना संपला. जिंकलेल्यांनी पुन्हा बॅट धरायचं कारणच उरलं नव्हतं. लोक उठले. ऑर्विलचा चेहरा पांढराफटक पडला होता, कपाळावर घाम, आणि तो डावा दंड चोळत होता. व्हर्नानं त्याच्या काखेत हात घातला, एक पाय पायरीवर ठेवला आणि मला विचारलं, "संपली ना?"

पण दोन्ही प्रशिक्षकांचं आपसात ठरलेलं मी मघाशीच ऐकलं होतं. मार्चमध्ये असं चालतं. पाहुण्यांच्या एका पोराला चेंडू टाकायचा सराव हवा होता, म्हणून उरलेला अर्धा डावही खेळणार होते. उगाचच. आणि मला शहाणपणा दाखवायची केवढी हौस!

मी म्हणालो, "छे छे, बसा! अजून आहे. त्यांच्या पोराला हात मोकळा करायचाय."

"बाबा, आपण निघू या," ती म्हणाली.

"बस गं, व्हर्नी," ऑर्विल म्हणाला. "नियम म्हणजे नियम. मला जरा पाणी आण."

तिनं वही त्याच्या मांडीवर ठेवली आणि गेली. रांग मोठी होती. ती पेला घेऊन परतली तेव्हा पेन्सिल खाली पडली होती आणि ऑर्विलची हनुवटी छातीला टेकली होती.

पुढच्या मार्चला ती आली, त्याच खुर्चीवर बसली. सहज सांगावं तसं मला म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, पंधरा-वीस मिनिटं आधी आणलं असतं तर." सामना संपल्यावर तिनं मान वळवली. "लाइल, संपली ना?"

तिला आठवतंय का, की तो मीच होतो? त्रेचाळीस वर्षं हा प्रश्न मला खात होता. रिकाम्या मैदानात झाडू मारतानाही मागून कुणी विचारतंय असं वाटायचं. महामारीच्या वर्षी सामने अर्ध्यात थांबले, फाटकाला कुलूप लागलं, तरी ही बाई बाहेर गाडीत तीन तास बसून होती. मला बघून काच खाली केली आणि विचारलं. मी "संपली" म्हणालो आणि भर उन्हात हुडहुडी भरल्यासारखा घरी गेलो.

यंदा ती आली ती चाकांचा वॉकर ढकलत. एकोणऐंशी पूर्ण. टेसनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "हा शेवटचा प्रवास, लाइलकाका. डॉक्टरांनी साफ सांगितलंय." शेवटच्या दिवशी नववा डाव आला, पाहुण्यांची फलंदाजी आटोपली, आमचा संघ पुढे. लोक उठले. आणि पाहुण्यांचा एक नवा पोरगा चेंडू घेऊन मैदानात आला. तसं आधीही दोन-चारदा झालं होतं. दर वेळी मी मुतारीत जाऊन लपलो होतो. या वेळी मी गेलो नाही.

व्हर्नानं मान वळवली. "लाइल, संपली ना?"

"संपली," मी म्हणालो. "तेव्हाही संपली होती, व्हर्नाबाई. मीच तुम्हाला बसवलं. मीच होतो तो." आणि मला रडू फुटलं. सदुसष्ट वर्षांचा घोडा, हातात फडकं, आणि रडतोय.

"माहीत आहे की," ती म्हणाली. "मग दर वर्षी तुलाच का विचारत होते?"

टेस यंदाच्या वहीत बाद उतरवता उतरवता आमच्याकडे वळली.

"मेल्या, किती वर्षं लावलीस," व्हर्ना म्हणाली. "मी विषय काढला असता तर तू माफी मागून, मला बरं वाटेल ते सांगून मोकळा झाला असतास. मला माफी नको होती. मला हे हवंय." तिनं पिशवीतून जुनी वही काढली. १९८१ चं ते पान. शेवटच्या अर्ध्या डावात ऑर्विलच्या अक्षरात दोन माणसं बाद झालेली. तिसरी चौकट कोरी. "पेपरवाल्यांना पत्रं लिहिली. ते म्हणाले, तो अर्धा डाव कुठेच नोंदलेला नाही, पाच-तीनवर सामना संपला. पण तू इथे उभा होतास. सांग, शेवटचा माणूस कसा बाद झाला? बाबांचं पान मला पुरं करायचंय."

तिची पेन्सिल चौकटीवर तयार होती. आणि ते उत्तर मला तोंडपाठ होतं. खोटं बोलता आलं असतं. उंच चेंडू, झेल, बाद. काय बिघडलं असतं?

"तो बाद झालाच नाही," मी म्हणालो. "तुम्ही किंचाळलात, सगळ्यांनी इकडे बघितलं. प्रशिक्षकानं हात केला आणि सगळे आत निघून गेले. शेवटचा माणूस बाद झालाच नाही, व्हर्नाबाई."

तिनं त्या कोऱ्या चौकटीवरून बोट फिरवलं. "म्हणजे आम्ही ज्याच्यासाठी थांबलो होतो ते झालंच नाही," ती म्हणाली आणि तिनं जुनी वही मिटली.

मैदानावर दोन बाद झाले होते, तिसरा फलंदाज बॅट सरसावून उभा होता. व्हर्नानं पेन्सिल पिशवीत टाकली. "टेस, ऊठ."

"आई, अजून एक जण—"

"ऊठ म्हणते ना."

हास्की घराण्यातलं माणूस शेवटचा बाद व्हायच्या आत उठलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. वॉकर ढकलत ती पायऱ्यांच्या बाजूच्या उतारावरून गेली. मागे बघितलं नाही, मला काही विचारलं नाही. खुर्चीवर यंदाची वही तशीच उघडी राहिली होती, शेवटची चौकट कोरी. शेजारच्यानं घ्यायची, असा नियम. शेजारी कुणी नव्हतं. मी फडकं ठेवलं, तिच्या खुर्चीवर बसलो आणि वही मांडीवर घेतली.