पप्पांच्या कानाला चालेल असं कॅबिनेट

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते. कुणी मला 'मॅडम, तुम्हाला नाही कळणार' असं म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि कॉम्प्युटरच्या दुकानात हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. तरीही गेल्या वर्षी पनवेलच्या एसटी स्टँडजवळच्या एकाच दुकानात मी लागोपाठ चारदा गेले, तेही एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यासाठी. कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्याच्या पोटात बसतात त्या डब्याला बाजारात कॅबिनेट म्हणतात. मला कमी आवाजाचं कॅबिनेट हवं होतं आणि त्यासाठी खर्चायला फार पैसे नव्हते.

मी घरी बसून बिल्डरांसाठी इमारतींची चित्रं करते. उलव्यात जिथे अजून नुसती खणलेली माती आणि डंपर आहेत, तिथे मी बाराव्या मजल्यावरची बाल्कनी दाखवते, तिच्यात वेताची खुर्ची ठेवते आणि खालची झाडं पहिल्याच दिवशी डेरेदार करून टाकते. असं एक चित्र पुरं व्हायला कॉम्प्युटर चार-पाच तास एकसारखा राबतो. राबला की तापतो, तापला की आतले पंखे जोरात फिरतात, आणि माझ्या स्वस्तातल्या जुन्या कॅबिनेटचा पातळ पत्रा त्यांच्यासोबत थरथरायचा. काम संपलं तरी डबा बंद करेपर्यंत ती घरघर थांबायची नाही. पिठाच्या गिरणीत टेबल टाकून बसल्यासारखं वाटायचं. मला सवय झाली होती. त्या आवाजाच्या आडोशाने मी मोठमोठ्याने स्वतःशी बोलायलाही लागले होते. बिल्डरांना शिव्या, स्वतःला शिव्या, आणि खोटं कशाला बोलू, पप्पांबद्दलही काहीबाही.

पप्पा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. एक्स्चेंजमध्ये नुसत्या खटखटीवरून ते बिघाड कुठे आहे ते सांगायचे, असं त्यांचे जुने सहकारी अजून म्हणतात. नेमके तेच कान गेले. आई गेल्यापासून आम्ही दोघंच असतो. बाकीचे नातेवाईक एकेक करून इस्राएलला गेले. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत एका भिंतीला माझं टेबल आणि समोरच्या भिंतीला त्यांची खुर्ची. साठवलेले पैसे मोडून मी त्यांना कानाचं मशीन आणलं, तेव्हा पहिल्या आठवड्यात ते शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजत बसायचे आणि खूश व्हायचे. मग हळूहळू मशीन कानापेक्षा कपाटावरच जास्त दिसायला लागलं. विचारलं की म्हणायचे, 'कान खाजतो.' 'एवढं महागाचं आणलंय ते काय कपाटाला ऐकू यावं म्हणून?' असं मी ओरडायचे. मशीन कपाटावर असल्यामुळे ते त्यांना ऐकू जायचं नाही.

आम्ही बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दिवा लावला की शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसेपर्यंत शब्बाथ, आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस. तेवढ्या वेळात कसलंही बटण चालू करायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही. दुसऱ्या कुणाला तसं करायला सांगायचंही नाही. समाजातले सगळेच इतकं पाळतात असं नाही, पण पप्पा पाळतात, म्हणून मीही पाळते. पूर्वी कोकणात आमच्या लोकांचे तेलाचे घाणे होते. शनिवारी ते बंद असायचे, म्हणून गावं आम्हाला शनवार तेली म्हणायची. माझ्या आठवड्यात शनिवार एवढाच बिनकामाचा. त्या दिवशी मी पप्पांना धर्मग्रंथातला त्या आठवड्याचा भाग मराठीत वाचून दाखवते आणि मग आम्ही संध्याकाळपर्यंत गप्पा मारतो. पायऱ्या उतरवत नाहीत तेव्हापासून तेच त्यांचं सिनेगॉग आणि तीच त्यांची सभा.

अशाच एका शुक्रवारी एका बिल्डरला दुपारी चार वाजता साक्षात्कार झाला की चित्रातल्या गाड्या लाल नकोत, पांढऱ्या हव्यात. मी गाड्या बदलल्या, कॉम्प्युटरला कामाला लावलं आणि स्वयंपाकाला लागले. मासे तळले, आंघोळ केली, काळ्या मनुकांचं सरबत गाळून ठेवलं. घरघर चालूच होती, पण रोजच्या आवाजाकडे कोण लक्ष देतं? दिवा लावला, डोळ्यांवर हात धरून आशीर्वाद म्हटला, हात खाली घेतले आणि मला तो आवाज ऐकू आला.

पप्पांनी सरबताच्या पेल्यावर प्रार्थना म्हटली, नेहमीपेक्षा चढ्या आवाजात. जेवण होताच त्यांनी कानातलं मशीन काढून कपाटावर ठेवलं.

शनिवारी सकाळी पुस्तक घेऊन त्यांच्यासमोर बसले. दोन ओळी वाचल्या. ते माझ्या ओठांकडे पाहून मान हलवत होते, चुकीच्या जागी. मी पुस्तक मिटलं. लाईट जावी म्हणून मनातल्या मनात विनवण्या केल्या, पण ज्या दिवशी जायला हवी त्या दिवशी ती कुठली जायला?

अकराच्या सुमारास समोरच्या काकू आल्या. मूळच्या खाडीकाठच्या गावातल्या; जमीन विमानतळात गेली आणि त्या आमच्या मजल्यावर राहायला आल्या. आमचे सगळे नियम त्यांना ठाऊक आहेत.

"काय गो, आज शनवार हाय ना? मंग ह्यो डबा कशाला घरघरतोय?"

"काल बंद करायचा राहिला, काकू."

"मंग तू काय बोलू नको. तुमाला सांगता येत नाय, म्हाईत हाय मला." असं म्हणून त्या ठामपणे टेबलाकडे गेल्या आणि त्यांनी पुढ्यातलं बटण दाबलं. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. डबा आपला घरघरतच राहिला, कारण त्यांनी दाबलं होतं ते नुसतं पडद्याचं बटण. "झालं बघ," त्या म्हणाल्या. ते बटण नाही, खालचं, एवढं सांगितलं असतं तरी ते सांगितल्यासारखंच झालं असतं. म्हणून मी नुसती हसले. त्या समाधानाने बसल्या, घरघरीवर आवाज काढून अर्धा तास बोलल्या आणि जाताना म्हणाल्या, "आता कसं शांत वाटतंय."

रात्री तिसरा तारा दिसताच मी धावत जाऊन तो डबा बंद केला. पप्पांनी मशीन कानात घातलं. मला रडू आलं. "पप्पा, माझ्यामुळे तुमचा अख्खा शब्बाथ फुकट गेला."

"एका शब्बाथचं काय घेऊन बसलीस," ते म्हणाले. "मी रोजच काढून ठेवतो. तुझं काम सुरू झालं की मशीनमध्ये नुसती घरघर येते, माणसाचा शब्द कळत नाही."

"मग सांगितलं का नाही? कान खाजतो म्हणालात!"

"त्याच्यावर तुझं पोट आहे. त्याच्याविरुद्ध काय तक्रार करायची?"

म्हणजे इतके महिने हा माणूस माझ्या समोरच्या भिंतीला, माझ्या कामाला त्रास नको म्हणून बहिरा होऊन बसला होता, आणि मी त्याच्यावर ओरडत होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सोमवारी मी दुकानात. अभ्यास करून गेले होते. लहान पंखा जोरात फिरण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरलेला बरा. पत्रा जाड हवा, म्हणजे थरथरत नाही. आतून अस्तर असेल तर उत्तम, पण हवा कोंडली तर पंखे पुन्हा पिसाळतात. असं मुद्दाम बनवलेलं कॅबिनेट दहा-बारा हजारांना होतं आणि मी चार हजारांच्या वर जाऊ शकत नव्हते. दुकानदार चाळिशीचा, बोलायला गोड. त्याने काचेच्या भिंतींचं, सहा पंख्यांचं, रंगीबेरंगी दिव्यांचं कॅबिनेट पुढे केलं. लग्नाच्या मांडवात शोभलं असतं.

"मला दिवे नकोत, शांतता हवीय."

"मॅडम, आजकाल हेच चालतं. हवेचं गणित तुम्हाला नाही कळणार."

मग मी त्याला हवेचं गणित दहा मिनिटं समजावलं. बाकीची गिऱ्हाइकं कौतुकाने ऐकत होती. मी रिकाम्या हाताने परत आले.

दुसऱ्या खेपेला खोक्यावर 'सायलेंट' छापलेलं एक घेतलं. दुकानात ते खरंच शांत वाटलं, कारण बाहेर रिक्षा, एसटी आणि भोंगे. घरी आणून सगळं जोडलं. पप्पा मशीन घालून खुर्चीत बसले, मला बरं वाटावं म्हणून हसले, आणि पाचव्या मिनिटाला त्यांचा हात हळूच कानाकडे गेला. आत बारीक शिट्टी होती. मला ऐकू येत नव्हती, त्यांना येत होती. मी ते कॅबिनेट उचलून दुकानात परत नेलं आणि रागाच्या भरात सगळी हकिगत सांगितली, मशीन, कपाट, शनिवार, सगळं. दुकानदार आधी वाद घालायच्या तयारीत होता, मग त्याने खोकं परत ठेवून घेतलं.

"मॅडम, कान चाचांचे आहेत आणि पसंत तुम्ही करताय," तो म्हणाला. "त्यांनाच घेऊन या. संडेला सकाळी सातला शटर उघडतो. रस्ता शांत असतो. इन्शाअल्ला काहीतरी निघेल."

मला इतकी साधी गोष्ट सुचली नव्हती. गणित येणाऱ्यांचं असंच होतं.

रविवारी पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि खिशाला पेन लावलं, ऑफिसला निघाल्यासारखं. काकूंनी एक हात धरला, मी दुसरा, आणि दोन मजले आम्ही सावकाश उतरलो. जुना डबाही रिक्षात घालून दुकानात पोचलो तर दुकानदाराने सगळी कॅबिनेटं ओळीने मांडून ठेवली होती. पप्पांनी आधी प्रत्येकावर बोटाच्या पेराने टकटक केली. मग एकेकाचे पंखे सुरू करायला लावले, डोळे मिटले आणि निकाल दिले. "ह्याचं बेअरिंग कुरकुरतंय." "ह्याचा पत्रा ढिला आहे, वरच्या कोपऱ्यात." दुकानदाराने कोपरा दाबून पाहिला. आवाज थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मला पप्पांचा इतका अभिमान वाटला की मी उगीच ओढणी सारखी केली.

एकही पास झालं नाही. शेवटी पप्पांनी मागच्या बाजूला बोट दाखवलं. "ते काय आहे?"

"ते सोडा चाचा. तळोज्याच्या एका ऑफिसने मागवलं होतं, मग घेतलंच नाही. जुनं मॉडेल. एक पाय पण तुटलाय."

काळं, ठोकळ्यासारखं, धुळीने माखलेलं. पुढे दार, आतून नमद्याचं अस्तर, समोर एकच भलामोठा पंखा. पप्पांनी टकटक केली. बाकीची ठणठणली होती. हे नुसतं 'ठप' म्हणालं. पंखा सुरू झाला. पप्पा डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले.

"सुरू करा ना," ते म्हणाले.

"सुरू आहे, चाचा."

पप्पांनी डोळे उघडले, वाकून पंख्याकडे पाहिलं. "हे घ्यायचं."

"पण ह्याला एक लाईट पण नाही," दुकानदार ओशाळून म्हणाला.

"मला लाईट ऐकू येत नाही."

साडेतीन हजारांत ते आमचं झालं. जुन्या डब्यातले सगळे भाग दुकानदाराने तिथेच त्यात बसवून दिले आणि वर चहा पाजला. घरी आल्यावर पप्पांनी माझ्या जुन्या स्लिपरचा तुकडा कापून तुटलेल्या पायाच्या जागी चिकटवला. तो अजून टिकून आहे.

सोमवारी नेहमीसारखी कामाला बसले. बिल्डरला पोहण्याचा तलाव दुप्पट हवा होता. "तलाव कसला, समुद्रच आणून देते, मेल्या," मी म्हणाले. मग आणखी बरंच काही. मग सवयीने, "आणि हे बसलेत तिकडे मख्खासारखे, चहा हवाय तर तोंडाने सांगायचं, पण नाही."

"हवाय," मागून आवाज आला.

मी मागे वळून पाहिलं. पप्पा हसत होते. "तुझी आईपण भांडी घासताना असंच बोलायची. मला वाटलं होतं, आता कोणी बोलतच नाही घरात." चहा करताना माझे डोळे भरून आले. तेव्हापासून मला शिव्या जपून द्याव्या लागतात. बिल्डरांचं नशीब उघडलं.

दोन महिन्यांनंतरची गोष्ट. शनिवार छान गेला होता. मी वाचलं, पप्पांनी दोन ठिकाणी माझे उच्चार सुधारले, मग एक्स्चेंजमधल्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितली, जी मी कधीच ऐकली नव्हती. काकूही येऊन बसल्या होत्या. रात्री तारे दिसल्यावर मी कॉम्प्युटर सुरू करायला गेले आणि कॅबिनेटवर हात टेकला. ते कोमट होतं. पडद्याचं बटण दाबलं तर शुक्रवारचं चित्र पुरं होऊन तसंच समोर उभं.

"पप्पा," मी म्हणाले, "हा कालपासून चालूच होता. मी पुन्हा विसरले."

"मला माहीत आहे."

"कसं?"

"ऐकू येत होतं की. दिवा लावलास तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय बंद करता आला असता? तू मात्र दिवसभर तोंड पाडून बसली असतीस." ते खुर्चीत मागे टेकले. "आणि त्याचा काही त्रास नव्हता. तुझं वाचन चाललं होतं ना, ते नीट ऐकू येत होतं."

मी कपाटाकडे पाहिलं. कपाटावर काही नव्हतं. मशीन काल संध्याकाळी घातलं होतं तसंच त्यांच्या कानात होतं.