दोऱ्यावर ढकललेलं दुखणं

नवऱ्याच्या डाव्या खांद्यावर आणि छातीवर तांबूस गाठी होत्या, तुरीच्या दाण्याएवढ्या. थंड पाणी लागलं की तो कळवळायचा. "अंगावरच पीक काढायलाव, मग रानात कशाला जाता?" असं मी चिडवायचे. सासूबाई म्हणायच्या, "लिंगाचा दोरा घासायलाय, दुसरं काय न्हाई." गळ्यात इष्टलिंग घालणाऱ्या आमच्या घरात हे कुणालाही पटेल, मलाही पटलं. सुती दोरा काढून रेशमी आणला, मग तोही सैल केला. अशी सहा वर्षं घालवली. आज स्वतःचीच चीड येते.

दुखणं सोसेना तेव्हा खटकचिंचोळीहून बीदरला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी एका गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. अहवालाच्या दिवशी सासूबाई हट्टानं सोबत आल्या. बाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला अशा गाठी होत्या? किडनीचा कॅन्सर?"

"न्हाई बाई, कुणालाच न्हाई," सासूबाई म्हणाल्या. नवरा फरशीकडे बघत राहिला.

तरी बाईंनी पोटाचा स्कॅन करायला लावला. उजव्या किडनीत कॅन्सर निघाला, आणि तो यकृतापर्यंत पोचला होता. अंगावरच्या या गाठी आणि हा कॅन्सर एकाच दोषातून येतात, तो आईबापाकडून लेकरांत उतरतो, आधी कळलं तर दरवर्षी तपासून वेळेवर उपचार करता येतात, असं बाईंनी समजावलं.

परतताना बसमध्ये नवऱ्यानं तोंड उघडलं. "अप्पाला बी हेच होतं. वाटलं, मला व्हायचं न्हाई." मला तर सासरे हार्टनं गेले असं सांगितलं होतं.

मी सासूबाईंकडे वळले. "कामून लपवलंत?"

"सांगिटलं असतं तर तू आली असतीस का या घरात?"

नसते आले. पण लग्नानंतर? अठरा वर्षं एका घरात राहिलो, कधीही सांगता आलं असतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणाऱ्यांत माझा माणूसही होता. त्याच्यावर ओरडावं तर त्याचाच जीव टांगणीला लागलेला.

घरी आमची सतरा वर्षांची मुलगी नुकतीच कॉलेजातून आली होती. तिला जेवू दिलं, मग समोर बसवून आजोबांपासून सगळं सांगितलं. तुझीही तपासणी करायची, म्हटलं. सासूबाई आतून धावत आल्या. "तोंड आवर गं! पोरीचं लगीन व्हायचं हाय!"

मुलीनं बापाकडे बघितलं. "पप्पा, तुम्हाला ठाऊक होतं?"